मांडवाखालचा पर्जन्यमापक

आमच्या वाडीत बारसं असो की सत्यनारायण, जेवणं आटोपून माणसं पडवीत सुपारी कातरत बसली की कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणतं, “दत्तूकाकानू, ती बाबलाची गोष्ट सांगा मां.” आणि मी सांगत आलो. घरावर, झाडावर, माणसांवर चिडत सहा महिने उघडं आभाळ शोधणाऱ्या आणि शेवटी पावसाचं यंत्र मांडवाखाली ठेवणाऱ्या माणसाची गोष्ट. मी ती बरी सांगतो. कुठे थांबायचं, कुठे बाबलासारखी मान वाकडी करायची, हे मला आता पाठ झालं आहे. नवीन सुना तोंडाला पदर लावून हसतात.

गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी माहीत असलेलं माणूस मी एकटाच. बाबलची बायको, सुलभावहिनी, गेल्या, बाबल गेला त्याला दोन पावसाळे झाले, आणि माझेही दिवस काही फार राहिलेले नाहीत. म्हणून लिहायला बसलो आहे. मात्र गेलेल्या माणसाबद्दल मी आता गोडगोड लिहीन असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं ती आशा सोडावी. बाबल वैताग होता. लहानपणी होता, बोटीवरून सुट्टीला यायचा तेव्हा होता, आणि कायमचा गावी आल्यावर तर त्याला दुसरं कामच उरलं नाही.

बाबल माझा चुलत भाऊ, माझ्याच वयाचा. आमच्या आजोबांच्या घरात मधोमध भिंत घालून दोन घरं झाली. खळं मात्र वाटलं नाही. दोन्ही घरांपुढे एकच अंगण, मधोमध एकच तुळस, आणि मागच्या बाजूला भावकीतल्या चार घरांची मिळून एक विहीर. तेव्हा बाबलपासून सुटका नव्हती. सकाळी दात घासायला बाहेर आलो की समोर तो उभा.

जन्मभर तो बोटीवर इलेक्ट्रिशियन होता. त्यामुळे कुठल्याही वस्तूला आधी हाताची मागची बाजू लावून बघायची सवय त्याला लागली होती. वीज असली तर हात झटकला जातो, चिकटत नाही, असं त्याचं म्हणणं. बटणाला, दाराच्या कडीला, चहाच्या पेल्याला, तान्ह्या पोराच्या कपाळाला, सगळ्याला आधी उलटा हात. नव्या व्याह्यांशी हात मिळवतानाही त्याचा हात आधी उलटा गेला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि दुसरी खोड म्हणजे आकडा. “अंदाज नको, आकडो सांग.” मला ताप आहे म्हटलं की “किती?” कोळीण म्हणायची, “भावा, सुरमय ताजी आसा,” की हा विचारणार, “कधी धरलास?” ती म्हणायची, “पहाटेक.” हा म्हणायचा, “पहाटेक म्हणजे किती वाजता?” शेवटी ती पाटी उचलून माझ्या दारात यायची आणि म्हणायची, “तुमच्या भावाक मासो नको, माशाची पत्रिका व्हयी.” मयताला गेला तरी तो घरच्यांना शेवटचं ब्लडप्रेशर विचारायचा. मी त्याला कोपऱ्यात ओढायचो. तो म्हणायचा, “मगे काय विचारू? बरा आसा मां, असा?”

पावसाचं वेड त्याला हौसेनं लागलं नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. विहिरीमुळे लागलं. तारकर्लीपासून आमच्यापर्यंत किनाऱ्यानं पर्यटकांच्या खोल्या उभ्या राहिल्या, जो तो पंप लावून पाणी ओढू लागला, आणि एप्रिल सरता सरता आमच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. डाळ शिजेना. माझा मुलगा संदेश मुंबईला असतो. त्यानं ठरवलं की आपणही दोन खोल्या बांधायच्या आणि पाण्यासाठी बोअर मारायची. बाबलला हे कळलं त्या दिवशी तो पोळीचा घास हातात घेऊन माझ्या घरात शिरला.

“दत्तू, बोर मारू नको. गोडा पाणी खाऱ्याच्या वर तरंगता. वरसून पावस सोडलंस तर खारा खाली दबता. खालसून ओढलंस तर खारा वर येता. येकदा वर इला की मगे कोणाच्या बापाशीचा आयकणा नाय.”

“मग काय करायचं?”

“दोनय घरांच्या छपराचा पाणी बावीत सोडूया. मधी गोटे-वाळूचो खड्डो करूया, गाळून जातला.” बाव म्हणजे विहीर.

“कर मग. कोण नको म्हणतंय?”

“खड्डो केवढो करू?”

“कर अंदाजानं.”

हे मी बोलायला नको होतं. त्यानं घास ताटलीत ठेवावा तसा माझ्या टेबलावर ठेवला आणि अर्धा तास मला सुनावलं. खड्डा लहान झाला तर जोराच्या सरीत तुंबेल आणि गढूळ पाणी सरळ विहिरीत जाईल. मोठा केला तर घराचा पाया ओला राहील. वर्षाचा एकूण पाऊस काय, तो कुणीही सांगेल. त्याला हवी होती ती आमच्या खळ्यात पडणारी सगळ्यात जोराची सर, आणि ती किती वेळात किती पडते ते. त्यासाठी पर्जन्यमापक हवा होता, तोही मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारा. भावकीची चार घरं बसली आणि ठरलं की एक पूर्ण पावसाळा बाबलला मोजू द्यायचं, तोवर बोअर नाही. तुळशीच्या लग्नाला संदेश येईल तेव्हा काय तो निर्णय करायचा. विहीर वाचवायला बाबलच्या हातात तेवढाच वेळ होता.

त्या वेळात त्यानं आमचा जीव काढला.

पहिलं यंत्र आणलं त्यात काहीच हलत नव्हतं. वर एक टोपी. थेंब टोपीवर आपटला की आतल्या पट्टीला धक्का कळतो, आणि धक्क्यांवरून यंत्र पाऊस ठरवतं. “मुंगी शिरात, पान अडकात, असा कायच नाय,” बाबल खुशीत होता. मे महिन्यातल्या एका लख्ख सकाळी त्याच्या फोनवर अतिवृष्टी झाली. बाहेर येऊन बघतो तर टोपीवर कावळा बसून चोच घासतोय. मग माडावरून कोवळी बोंडं पडली की सर. वारा सुटला, खांब थरथरला, की रिमझिम. बाबल कावळ्यांच्या मागे काठी घेऊन धावू लागला तेव्हा मी म्हटलं, “तू कावळा मोजायचं यंत्र आणलंस.” तो माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. तो आठवडा बरा गेला.

दुसरं यंत्र डोलणाऱ्या वाट्यांचं. वर नसराळं, खाली तराजूच्या पारड्यांसारख्या दोन छोट्या वाट्या. एक भरली की कलंडते, टक् वाजतं, दुसरी नसराळ्याखाली येते. किती टक् वाजले त्यावरून पाऊस. हे यंत्र चांगलं होतं, आणि बाबलला चांगल्या यंत्रात खोट सापडली की तो अधिक असह्य व्हायचा. वाटी कलंडत असताना वरून पडणारं पाणी मोजलं जात नाही. साध्या पावसात फरक पडत नाही, पण आमच्याकडच्या धो धो सरीत बरंच पाणी निसटतं. म्हणजे नेमकी त्याला हवी ती सर यंत्र कमी सांगणार. त्यानं विकणाऱ्यांना फोन लावला. फोनवर तो शुद्ध बोलायचा आणि चिडला की घसरायचा.

“नमस्कार. आपला मापक जोराच्या पावसात कमी दाखवतो.”

पलीकडे कुणी तरुण मुलगा होता. “काका, हे मॉडेल सगळीकडे चालतं. सोलापूरला चाललंय, नागपूरला चाललंय.”

“बाळा, मी मालवणहून बोलतो आहे.”

“हो काका, पण एवढ्या जोरात पाऊस सहसा पडत नाही.”

“मी त्याच पावसात उभा राहून बोलतो आहे. ऐक आवाज.” त्यानं फोन पागोळ्यांखाली धरला. फोन बंद पडला. मग तो बंद फोनला म्हणाला, “मेल्या, येकदा हय येवन ऱ्हव आषाढात. मगे सहसा म्हणजे काय ता सांगतंय तुका.”

मग जागेचं भांडण. मापकाच्या डोक्यावर उघडं आभाळ हवं, जवळ उंच काही नको. आमच्या आवारात माडांशिवाय आहे काय? खळ्याच्या माझ्या बाजूला एक माड जरा कललेला होता. बाबल त्याच्याकडे आठ-आठ मिनिटं टक लावून बघायचा. मला कळायला लागलं होतं.

“ह्यो माड माझ्या आकड्यात थेंब टाकता,” तो एकदा म्हणाला.

“माडाला हात लावायचा नाही. लागता माड आहे. आजोबांनी लावलेला.”

“आजो काय तुझ्या एकट्याचो? माझोय आजो तो. माझ्या वाटणीचो आजो सांगता, तोड.”

“माझ्या वाटणीचा नको सांगतोय.”

दोन म्हातारे एका माडाखाली उभे राहून आजोबांची वाटणी करत होते आणि वहिनी पडवीत बसून पोट धरून हसत होत्या. माड मी तोडू दिला नाही. आजही उभा आहे. शेवटी आभाळ पुरेसं दिसेल अशी एकच जागा उरली, खळ्याच्या मधोमध, तुळशीच्या शेजारी. तिथे त्यानं लोखंडी खांब रोवला, पातळीचा बुडबुडा मध्यावर येईपर्यंत एक दुपार त्याच्याशी झटला, आणि खळ्यात खेळणाऱ्या पोरांना कायमची बंदी केली.

यंत्राचा आकडे दाखवणारा डबा मात्र त्याच्या घरात चालेना. चिऱ्याच्या जाड भिंतीतून सिग्नल जाईना. माझी खिडकी खळ्याकडे उघडते. तेव्हा डबा माझ्या घरात, आणि बाबलही. “जरा बघून जातंय,” म्हणत दिवसातून कितीदा यायचा त्याला हिशेब नाही. आमची ही देवपूजेला बसली असली तरी हा मागून देव्हाऱ्यावरून वाकून डबा बघणार.

मग पावसानं उघडीप दिली तरी डब्यावर रोज सकाळी पाऊस दिसू लागला. रोज, आमच्या चहाच्या वेळेला, आभाळ कोरडं असताना. बाबलनं तारा तपासल्या, वाट्या धुतल्या, जाळी बदलली, सोलापूर-नागपूरवाल्या पोराला पुन्हा फोन केला. मग एक दिवस तो माझ्या खिडकीत दबा धरून बसला. सुलभावहिनी तांब्या घेऊन आल्या, तुळशीला पाणी घातलं, हात जोडले, आणि तांब्यात उरलेलं चूळभर पाणी शांतपणे मापकाच्या नसराळ्यात ओतलं.

बाबल खिडकीतून जवळजवळ बाहेर पडला. “गो! ता काय करतंस?”

“काय केलंय?”

“त्याच्यात पाणी कित्याक ओततंस?”

“ता बापडा रोज तोंड वर करून उभा,” वहिनी म्हणाल्या. “तुळशीक घालूचा आणि शेजाऱ्याक इचारूचा नाय? माका बरा दिसता ता?”

त्या दिवसापासून बाबल सकाळच्या आकड्यातून चूळभर पाणी वजा करू लागला.

पाऊस जोराचा असताना यंत्र नेमकं किती कमी सांगतं, हे शोधायला त्यानं गावातल्या डॉक्टरकडून सलाईनच्या रिकाम्या बाटल्या आणल्या. मोजून पाणी भरायचं, बाटली पडवीच्या वाशाला टांगायची, नळी मापकाच्या नसराळ्यात सोडायची आणि चाक फिरवून थेंब कधी सावकाश, कधी भरभर पाडायचे. खांबावरचा मापक काढून त्यासाठी पडवीत आणला होता. वर चादर घातली, वाऱ्यानं हलू नये म्हणून. रस्त्यावरून बघणाऱ्याला काय दिसणार? पडवीत सलाईन लागलेलं, खाली पांघरूण. दुपारपर्यंत वाडीतली यमूआत्या शहाळी घेऊन आली, कुणी बिस्किटाचा पुडा घेऊन आलं. यमूआत्यानं हळूच विचारलं, “कोणाक लायलास?” बाबल खाली मान घालून थेंब मोजत होता. म्हणाला, “गप ऱ्हव गो. चुकतला.” तिला वाटलं आता काही खरं नाही. ती वहिनींच्या गळ्यात पडून रडायला लागली. शहाळी मात्र बाबलनं परत दिली नाहीत.

त्यातून एवढं निघालं की सावकाश पावसात यंत्र बरोबर आणि धोधो पावसात लंगडं. मग त्यानं युक्ती केली. मापकाशेजारी सरळ भिंतींचा एक साधा पत्र्याचा डबा ठेवला. पाऊस थांबला की डब्यातलं पाणी पट्टीनं मोजायचं. “यंत्र सांगता कधी पडलो. डबो सांगता किती पडलो,” असं तो मला रोज सांगायचा, जणू मी काल ऐकलंच नाही. दोघांचा मेळ घालून त्याला सरीचा खरा जोर कळायचा. मी वैतागून म्हणायचो, “मग डबाच ठेवायचा होतास ना!” तो म्हणायचा, “मास्तर ना तू? वर्षाच्या शेवटी मार्क दिल्यार पोरगो कधी नापास झालो ता कळता तुका?” मी खरंच शाळेत शिक्षक होतो. म्हणून अधिकच राग आला.

पण तो पावसाळा त्यानं चोख मोजला. हे लिहायलाच मी बसलो आहे. नसराळ्यावरची जाळी रोज साफ. वाट्यांत मुंग्यांनी घर केलं तर काडीनं एकेक मुंगी बाहेर. खाऱ्या हवेनं जोडांवर हिरवं चढलं की घासून काढायचा. डोकीवर इरलं घेऊन भर पावसात तो त्या खांबापाशी वाकलेला दिसायचा. विहिरीचं पाणी कुठल्या सरीनंतर किती चढलं, तेही त्यानं काठावर खुणा करून ठेवलं होतं. भाद्रपदापर्यंत त्याचा खड्डा जवळजवळ ठरला होता. म्हणाला, “परतीच्या पावसात येक-दोन जोराच्यो सरी गावल्यो की झाला.”

गणपतीत सुलभावहिनी विहिरीवर घसरून पडल्या आणि कंबरेचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण त्या उठल्या नाहीत. त्यांची खाट खळ्याकडच्या खिडकीशी लावली. त्यांना तिथून तुळस दिसायची आणि तिच्या शेजारी तो लोखंडी खांब.

तुळशीचं लग्न जवळ आलं. पाऊस ओसरून बरेच दिवस झाले होते, आभाळ धुतल्यासारखं होतं. आमच्याकडे त्या वेळी खळं चोपून सारवतात आणि वर मांडव घालतात. माडाची विणलेली झापं आडव्या बांबूंवर पसरून सुंभानं बांधायची. तो मग उन्हाळाभर राहतो. मांडव घालायला मी आणि बाबल होतो. पोरं मुंबईहून यायची होती.

बाबल खिडकीशी जाऊन म्हणाला, “गो, यंत्राच्या वर येक झाप सोडतंय. हातभर भोक ऱ्हवात.”

“व्हकलेच्या डोक्यार भोक?” वहिनी म्हणाल्या. व्हकल म्हणजे नवरी. “असो मांडव कोणी बघलोहा?”

“दोन दिस तुळस उघडी ऱ्हवली तर काय जाता तुझा?”

“तुमचा काय जाता? तुमचा यंत्र वरसभर उघड्यार. माझी तुळस वरसातून येक दिस व्हकल होवन उभी ऱ्हवता.” मग म्हणाल्या, “माका ह्या खिडकीतून दुसरा काय दिसता? पुढच्या वर्साक ह्याय दिसात की नाय.”

मला वाटलं आता हा आकडे काढील. माडासाठी माझ्याशी दिवसच्या दिवस भांडलेला, पोरांना खळ्यातून हाकललेला माणूस. तो वळला. शिडी लावली, मला म्हणाला, “धर.” मी शिडी धरली. तो वर चढला. शेवटचं झाप हातात घेऊन तो त्या मोकळ्या चौकोनातून डोकं वर काढून आभाळ न्याहाळत राहिला.

“दत्तू,” तो वरून म्हणाला, “पावस गेलो, नाय रे?”

“गेला अंदाजे,” मी म्हटलं.

त्यानं मला आकडा मागितला नाही. झाप सरकवलं, सुंभ आवळलं आणि खाली उतरला. खाली मापकावर सावली पडली होती. तो हळूच म्हणाला, “परवा भोक पाडतंय. हिका सांगू नको.”

लग्न झालं. वहिनींनी खाटेवरून अक्षता टाकल्या. खिडकीच्या गजाला लागून खालीच पडल्या, पण टाकल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी घाटाकडून आभाळ काळं होऊन आलं आणि अशी सर कोसळली, की त्या वर्षात तशी झाली नव्हती. विहिरीकडे जायची वाट वाहून गेली. झापांवरून पाणी कडेनं पन्हळीसारखं पडत होतं आणि मधोमध, कोरड्या जागेत, बाबलचा मापक उभा होता. त्याच्या शेजारच्या डब्याचा नुसता तळ ओला झाला. ज्या सरीसाठी सगळा खटाटोप, ती सर हीच, आणि ती मोजली गेली नाही. बाबल पडवीत उभा होता. तो बाहेर धावला नाही.

संध्याकाळी भावकी मांडवात जमली. ठरल्याप्रमाणे निर्णय करायचा होता. संदेशनं सुरुवात केली. तो वाईट मुलगा नाही, पण जिभेला धार आहे.

“बाबलकाका, आजच्या पावसाचो आकडो काय?”

“नाय,” बाबल म्हणाला.

“नाय म्हणजे?”

“घेवक गावलो नाय.”

“गावतलो कसो?” दुसऱ्या घरचा बाळा ओरडला. “यंत्र मांडवात बसान लग्नाचे लाडू खाय होता!”

मांडव हसला. संदेशही हसला आणि मग गंभीर होऊन म्हणाला, “काका, राग मानू नका. पण ज्या माणसाक पावसाचा यंत्र खंय ठेवचा ता कळणा नाय, तेच्या खड्ड्याच्या भरवशार आमी बाव ठेवची?”

बाबलनं खिडकीकडे बघितलं. दिवा लागला होता, वहिनी जाग्या होत्या आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं. एका वाक्यात तो सुटला असता. हिच्यासाठी झाकलं, म्हणाला असता तर एकही माणूस हसला नसता. पण मग ते ओझं खाटेवर गेलं असतं.

“चूक झाली माझी,” तो म्हणाला.

मला बोलता आलं असतं. शिडी मी धरली होती. बाकीचा सगळा पावसाळा त्यानं कसा मोजला ते माझ्या खिडकीतून मी रोज पाहिलं होतं, त्याच्या नावानं बोटं मोडत. वहिनींचं नाव न घेताही मला सांगता आलं असतं की एक सर सोडून बाकी सगळं खरं आहे, त्याला खड्डा करू द्या. पण खोल्या माझ्या मुलाच्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मीही दमलो होतो त्या आकड्यांच्या डब्याला आणि त्या टक् टक्‌ला. मी म्हटलं, “बरं, मग बोअरचं काय ते ठरवा.”

ठरलं. बोअर झाली. पुढे कुणाच्या तरी मुंजीत बाबल पंगतीत गप्प बसलेला होता आणि वातावरण जड झालं होतं, तेव्हा ते हलकं करायला मी पहिल्यांदा ती मांडवाची गोष्ट सांगितली. बाबल समोरच होता. तोही जरासा हसला. म्हणून मी सांगत राहिलो.

वैशाखात वहिनी गेल्या. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवेना, आणि बोअरचंही तसंच. संदेशच्या खोल्यांना पाण्याचे कॅन विकत आणावे लागतात. बाबल एकदाही ‘मी सांगितलं होतं’ म्हणाला नाही. त्याच्यासारख्या माणसानं तेवढं तरी म्हणायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. त्याऐवजी तो पंप किती वेळ चालतो ते विचारायचा आणि संदेशला फोन करून तो कमी वेळ चालवायला सांगायचा. मापक त्यानं पुन्हा उघड्यावर घेतला होता. कुणी विचारत नव्हतं तरी पुढचा पावसाळा, त्याच्या पुढचाही, मोजत राहिला. त्या दुसऱ्या पावसाळ्यानंतर मुलीनं त्याला मडगावला नेलं आणि तो तिथेच वारला.

जाण्याच्या दिवशी त्याला गाडीत बसताना मी पाहिलं असणार, पण ते मला आठवत नाही. आठवतो तो त्याआधीचा आषाढ. दुपारी मागच्या बाजूला खडखड ऐकून मी छत्री घेऊन बाहेर आलो. पाऊस बऱ्यापैकी लागला होता. बाबलनं गवंड्याला धरून विहिरीपाशी गोटे-वाळूचा खड्डा करून घेतला होता, हे मला ठाऊक होतं. त्याच्या जागेत होता, मी काही बोललो नव्हतो. पण आता तो माझ्या घराखाली उभा राहून माझ्याच छपराची पन्हळ सोडवत होता. अंगात बनियन, डोक्यावर काही नाही.

“माझ्या पन्हळीला कुणाला विचारून हात लावलास?” मी ओरडलो.

“तुझ्या छपराचा पाणी फुकट रस्त्यार जाता.”

“अरे पण विचारायचंस तरी!”

“इचारलंय असतंय तर तू अंदाज सांगलंस असतंस. बघतस काय? धर.”

त्यानं जाड काळ्या पाइपचं टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं टोक खड्ड्याच्या तोंडाशी बसवायला गुडघ्यांवर बसला. मी छत्री टाकली. आधी पालापाचोळा आणि शेवाळ आलं, मग गढूळ पाणी, मग पाइप माझ्या हातात जड झाला आणि आत पाणी वाहतंय ते तळव्यांना कळायला लागलं. आम्ही दोघंच होतो. मला वाटलं, आता म्हणावं.

“बाबल,” मी म्हटलं, “तेव्हा मांडवात मी बोलाक व्हया होता.”

त्यानं मान वर केली. कपाळावरून पाणी डोळ्यांत जात होतं, म्हणून डोळे बारीक केले होते. माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होता.

“पायप वाकडो धरलंस,” तो म्हणाला.

मी तो सरळ केला.